एका प्रसूतितज्ज्ञाने नेमलेला भौतिकीचा प्राध्यापक : मद्रास विद्यापीठ, १९५२

बी.एड.च्या वर्गात 'मुदलियार आयोग' हे शब्द आले की मुले न सांगता वही उघडतात. माध्यमिक शिक्षण आयोग, १९५२-५३, बहुउद्देशीय शाळा, अंतर्गत मूल्यमापन. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना आणखी एक मुदलियार समिती पाठ असते. ती आरोग्याची, १९५९ मध्ये नेमलेली. या दोन्हींचे अध्यक्ष एकच गृहस्थ होते आणि ते मूळचे बाळंतपणे करणारे डॉक्टर होते, हे सांगितले की कोणीतरी हमखास विचारते, "डॉक्टर? मग शिक्षण आयोगावर कसे?"

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतले. डॉ. आर्काट लक्ष्मणस्वामी मुदलियार २७ वर्षे मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. एवढ्या मोठ्या कारकिर्दीचा आढावा घेतला तर हाती सनावळीच उरेल. त्यापेक्षा एकच प्रसंग घेऊन तो नीट उलगडून पाहू. विषय स्वतःचा नसताना त्या विषयाचा प्राध्यापक कसा निवडायचा, हा तो प्रसंग. ज्यांच्यावाचून तो सांगताच येत नाही, त्या इतिहासात नोंदलेल्या माणसांची नावे दिली आहेत. बाकीच्यांची लागत नाहीत.

पार्श्वभूमी

मुदलियारांचा जन्म १८८७ चा, कर्नूलचा. त्यांचे जुळे भाऊ रामस्वामी मुदलियार राजकारणात गेले, म्हैसूरचे दिवाण झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्षही. लक्ष्मणस्वामींनी मद्रास मेडिकल कॉलेजातून वैद्यक केले आणि एग्मोरच्या स्त्रिया व मुलांच्या सरकारी रुग्णालयात नाव कमावले. प्रसूतिशास्त्रावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक पुढे कृष्ण मेनन यांच्या जोडनावाने देशभर गेले. त्याच्या सुधारित आवृत्त्या महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही वाचल्या जातात. १९३९ मध्ये ते मद्रास मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय.

१९४२ मध्ये त्यांच्याकडे कुलगुरुपद आले. तेव्हा ते पंचावन्नच्या घरात होते आणि सरकारी नोकरीत निवृत्तीचे वयही पंचावन्नच होते. नामांकित डॉक्टर निवृत्तीला आला की पुढची वाट ठरलेली असते : खासगी दवाखाना, मोठी फी, संध्याकाळी क्लब. मुदलियार विद्यापीठात गेले, आणि तेही कोणत्या वर्षी? जपानी हल्ल्याच्या भीतीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये मद्रास शहर निम्मेशिम्मे रिकामे झाले होते. ऑगस्टमध्ये 'चले जाव' सुरू झाले.

मद्रास विद्यापीठ मुंबई आणि कलकत्त्याच्या बरोबरीने, १८५७ मध्ये स्थापन झालेले. या तिन्ही विद्यापीठांचे मूळ काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. विद्यापीठाने स्वतः संशोधन करावे, स्वतःचे विभाग चालवावेत, ही कल्पना नंतर आली आणि सावकाश रुजली. मुदलियारांनी हे रुजवण्याचे काम नेटाने केले. १९४४ मध्ये उद्योगपती अळगप्पा चेट्टियार यांच्या देणगीतून गिंडी येथे तंत्रज्ञानाचे महाविद्यालय उभे राहिले. १९४७ मध्ये एका सभेत मुदलियारांनी धनवंतांना महाविद्यालये काढण्याचे आवाहन केले. चेट्टियार तिथेच उभे राहिले, कारैकुडीत महाविद्यालय काढण्याचे त्यांनी जाहीर केले आणि त्याच वर्षी ते सुरूही झाले. वनस्पतिशास्त्रात टी. एस. सदाशिवन आणि तत्त्वज्ञानात टी. एम. पी. महादेवन यांनी आपापले विभाग बांधत आणले होते.

भौतिकीत मात्र तसा विभाग नव्हता.

प्रश्न

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षे आठवावी लागतील. अणुऊर्जा आयोग स्थापन झाला होता, राष्ट्रीय प्रयोगशाळा एकामागून एक उभ्या राहत होत्या. भौतिकी हा त्या काळाचा मानाचा विषय होता. नव्वदी ओलांडलेल्या विद्यापीठात त्याचा संशोधन विभाग नसावा, हे कोणत्याही कुलगुरूला खटकले असते. मुदलियारांना प्रायोगिक भौतिकीचा विभाग काढायचा होता. इमारत बांधता येते, उपकरणे मागवता येतात. प्रमुख कोणाला करायचे, इथे गाडी अडते.

डॉक्टर असलेल्या कुलगुरूची अडचण इथे दुहेरी होती. प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक निवडायचा असता तर मुदलियारांनी उमेदवाराला वॉर्डात नेऊन दहा मिनिटांत जोखले असते. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना कशी काढतात, याचा उमेदवार जोखायचा कसा? आणि चुकीच्या निवडीची किंमत इथे एका रुग्णापुरती नव्हती. पहिला प्रमुख विभागाचे विषय ठरवतो, विद्यार्थी निवडतो, उपकरणे निवडतो. तो चुकला की पुढची पंचवीस वर्षे विभाग त्याच्यासारखा होतो. हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिले आहे.

समोरचे पर्याय

त्या खुर्चीवर बसलेल्या कोणासमोरही साधारण चार वाटा असत्या.

सर्वांत सोपी वाट ज्येष्ठतेची. शहरात प्रेसिडेन्सी कॉलेजसारखी जुनी महाविद्यालये होती, तिथे वर्षानुवर्षे भौतिकी शिकवणारी माणसे होती. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला बसवले की कोणाची तक्रार नाही. आपल्याकडे आजही बहुतेक खुर्च्या अशाच भरतात. तोटा एवढाच की चांगला शिक्षक आणि संशोधनाची शाळा उभी करणारा माणूस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली असली की दुसरी आपोआप येत नाही.

दुसरी वाट मोठ्या नावाची. नाव आले की पैसा येतो, विद्यार्थी येतात. मुदलियारांनी प्रथम हीच धरली, आणि नावही केवढे : सर सी. व्ही. रामन. रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी, मुदलियारांहून वर्षाने लहान, नोबेल विजेते. पण त्यांनी १९४८ मध्येच बंगळूरला स्वतःची संस्था काढली होती. ते येणार नव्हते.

तिसरी, परदेशातून कोणाला तरी बोलावण्याची. साहेब येतो, तीन-चार वर्षे राहतो, घरी परततो. त्याच्या जाण्याबरोबर विभागाचा जीव जातो.

चौथी वाट तरुण माणसाची, आणि तीच सर्वांत धोक्याची. नाव झालेले नाही, प्रशासनाचा अनुभव नाही, बाकीचे विभागप्रमुख वयाने वडिलांसारखे. शिवाय कुलगुरूला स्वतःला त्याचा विषय समजत नाही. तो वाईट निघाला तर 'डॉक्टरला काय कळते भौतिकीतले' हे ऐकायची तयारी ठेवावी लागते.

निर्णय

रामन यांनी नकार दिला आणि सोबत एक नाव सुचवले : जी. एन. रामचंद्रन. १९२२ चा जन्म, म्हणजे १९५२ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तो विद्युत अभियांत्रिकी शिकायला आला आणि रामन यांच्या भौतिकी विभागात ओढला गेला. पुढे केंब्रिजला जाऊन १९४९ मध्ये दुसरी डॉक्टरेट घेऊन परतला आणि संस्थेतच सहायक प्राध्यापक झाला. मुदलियारांनी त्याला मद्रासला आणून थेट प्राध्यापक आणि विभागप्रमुख केले.

या प्रसंगातला खरा निर्णयबिंदू कोणता? मला वाटते, 'रामचंद्रनना नेमले' हा नव्हे. त्याआधीचा : शिफारस कोणाची घ्यायची आणि घेतली की ती कुठवर मानायची. डॉक्टरांच्या व्यवहारात याला साधा शब्द आहे, केस 'रेफर' करणे. गर्भवतीला हृदयाचा आजार निघाला तर प्रसूतितज्ज्ञ हृदयरोग्यांच्या डॉक्टरांचे मत घेतो. मत घेताना माणूस पारखून घेतो, पण एकदा घेतले की त्या मताला स्वतःच्या अर्धवट ज्ञानाची फोडणी देत नाही. आणि रुग्ण मात्र स्वतःचाच राहतो, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली जात नाही. आयुष्यभर अंगवळणी पडलेली ही शिस्त मुदलियारांनी विद्यापीठात आणली, असे मी मानतो. ज्याला आपल्या ज्ञानाची हद्द रोज रुग्णाच्या खाटेपाशी कळते, त्याला ती कार्यालयातही कळू शकते. वर्गातल्या त्या प्रश्नाला माझे उत्तर हेच असते.

शिफारस करणारा माणूसही पाहण्यासारखा आहे. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पालित अध्यासनावर रामन यांची नेमणूक झाली तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते, सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते आणि परदेशी शिक्षणाचा शिक्का त्यांच्यावर नव्हता. त्यांना आणणारे, विद्यापीठाचे आधीचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी हे पेशाने न्यायाधीश होते. तरुण माणसावर पैज लावली की काय होऊ शकते, हे रामन यांना स्वतःच्या आयुष्यावरून ठाऊक होते. ३५ वर्षांनी त्यांनी तेच दान पुढे केले आणि या वेळी ते घेणारा कुलगुरू डॉक्टर होता.

एक सावधगिरीही नोंदवायला हवी. गुरूने शिष्याचे नाव सुचवणे हे आपल्या विद्यापीठांतले जुने दुखणे आहे. इथे ते दुखणे ठरले नाही याचे कारण बाहेरून तपासता येण्याजोगे काम रामचंद्रन यांच्यापाशी होते. केंब्रिजमध्ये ते रामन यांच्या सावलीबाहेर काम करून आले होते. हे नसते तर हीच प्रक्रिया वशिल्याची ठरली असती.

पुढे काय झाले

विभाग नवा असतानाच ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला येऊन गेले. बोलता बोलता त्यांनी कोलॅजेनचा विषय काढला : या प्रथिनाची रचना अजून कोणाला नीट सुटलेली नाही. कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडे, स्नायुबंध यांना धरून ठेवणारे प्रथिन. प्रसूतिशास्त्राशीही त्याचे जवळचे नाते आहे. बाळंतपणाआधी गर्भाशयाचे मुख मऊ पडते ते त्यातल्या कोलॅजेनची वीण सैल होते म्हणून.

मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती आणि कातडे म्हणजे कोलॅजेनच. तिथून कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचा नमुना मिळाला. त्यावर क्ष-किरण टाकून मिळालेली चित्रे आणि रसायनशास्त्रज्ञांनी आधीच दिलेली एक माहिती, की या प्रथिनात जवळजवळ दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, यांची सांगड रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी घातली. तीन साखळ्या एकमेकींशेजारी, आणि जिथे त्या एकमेकींना भिडतात तिथे सर्वांत लहान अमिनो आम्ल, ग्लायसिन. कारण आत दुसऱ्या कशाला जागाच नाही. १९५४ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आले. पुढच्या वर्षी त्यांनीच सुधारणा केली : तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या पिळलेल्या आहेत. नेमणुकीला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती.

आणि लगेच वार झाला. डीएनएच्या रचनेमुळे जगभर गाजत असलेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रिच यांनी केंब्रिजहून आक्षेप घेतला की मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, एवढ्या जवळ ते बसूच शकत नाहीत. तीन साखळ्यांची मूळ कल्पना टिकली, पण तपशिलात त्यांचा बदल पुढे आला आणि श्रेयाचा वाद लांबला.

या टप्प्यावर मी वर्गात थांबतो आणि विचारतो : तुम्ही कुलगुरू असता तर? तुम्ही निवडलेला तरुण प्राध्यापक, सगळ्यांच्या डोळ्यांवर आलेला, आणि त्याच्या पहिल्याच मोठ्या कामावर क्रिकसारखा माणूस बोट ठेवतो. चौकशी नेमाल? वर एखादा ज्येष्ठ बसवाल? 'सध्या जरा सबुरीने' असे पत्र पाठवाल? बहुतेक उत्तरे शेवटच्या प्रकारची येतात. मद्रासमध्ये विभाग वाढत राहिला. उपकरणे, विद्यार्थी, जागा, कशालाच कात्री लागली नाही. प्रसूतितज्ज्ञाला वाट पाहण्याची किंमत कळते, असे म्हणायचा मोह होतो. पण मला त्यापेक्षा साधे कारण पटते. तज्ज्ञाचे मत मानून माणूस नेमला असेल, तर वैज्ञानिक वादाचा निकाल विज्ञानातच लागू द्यावा लागतो. कुलगुरूने तिथे हात घालायचा नसतो.

रामचंद्रन यांनी आक्षेपाचे काय केले हे तर फारच सुंदर आहे. अणू किती जवळ येऊ शकतात? या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नेमके नव्हते. त्यांनी तोवर सुटलेल्या रचनांमधली अंतरे गोळा केली. मग व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन यांच्याबरोबर हिशेब मांडला की प्रथिनाच्या साखळीतला प्रत्येक दुवा ज्या दोन कोनांत फिरू शकतो, त्या कोनांच्या कोणत्या जोड्या चालतात आणि कोणत्या जोड्यांत अणू एकमेकांवर आदळतात. मेजावरच्या गणनयंत्रांवर घासलेले ते आकडे होते. १९६३ मध्ये हा आलेख प्रसिद्ध झाला. त्यालाच आज 'रामचंद्रन आलेख' म्हणतात. जगात कुठेही प्रथिनाची नवी रचना निघाली की ती बरोबर आहे का हे पाहताना आजही या आलेखावर टाकून बघतात. त्याच वर्षी मद्रासला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, १९६७ मध्ये पुन्हा एकदा. विद्यापीठ अनुदान आयोगाने विभागाला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला.

याच काळात मुदलियार काय करत होते? माध्यमिक शिक्षण आयोग सप्टेंबर १९५२ चा, म्हणजे रामचंद्रन यांच्या नेमणुकीच्याच वर्षीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी त्याआधी भूषवले होते. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य सभेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. विभागांत रोज डोकावायला त्यांना सवड असणे शक्यच नव्हते. माणूस नीट निवडून मोकळा सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे.

काय वेगळे करता आले असते

मुदलियार १९६९ मध्ये पायउतार झाले. विद्यापीठातले वातावरण बदलले आणि थोड्याच काळात रामचंद्रन यांनी मद्रास सोडले. भारतीय विज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक सतीश धवन यांनी त्यांना बंगळूरला, आपल्या संस्थेत बोलावले आणि तिथे रेण्वीय जैवभौतिकीचे नवे केंद्र उभे राहिले. शशिशेखरन आणि रामकृष्णनही तिकडे गेले. १९७१ मध्ये रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून आतली त्रिमिती प्रतिमा उभी करण्याची एक सुटसुटीत गणिती रीत प्रसिद्ध केली. सीटी स्कॅनच्या यंत्रांत पुढे त्याच धाटणीचे गणित वापरले गेले.

माणूस नेमताना कुलगुरूंनी जी काळजी घेतली, ती त्याला टिकवणारी व्यवस्था बांधताना घेतली गेली नाही, हे मला या प्रकरणातले सर्वांत मोठे उणे वाटते. १७ वर्षे रामचंद्रन यांच्या स्वातंत्र्याची हमी म्हणजे एक माणूस होता. तो गेला आणि हमी संपली. विभागाच्या निधीवर, नेमणुकांवर विभागाचाच अधिकार राहील असे नियम त्या भरभराटीच्या वर्षांत करून घेता आले असते. मुदलियारांचा शब्द तेव्हा कोण मोडणार होते? सलग २७ वर्षांच्या कुलगुरुपदाचा तोटा इथे दिसतो. नियमांची गरज भासतच नाही.

दुसरे उणे भौतिकीच्या रुंदीचे. विभाग स्फटिकशास्त्र आणि जैवभौतिकीत जगात पोहोचला, पण सैद्धांतिक भौतिकीला तसे घर मिळाले नाही. अल्लादी रामकृष्णन याच विद्यापीठात होते आणि त्यांचे चर्चासत्र त्यांच्या राहत्या घरी, 'एकाम्र निवास'मध्ये भरत असे. १९६० मध्ये डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तिथे येऊन भारावले, प्रकरण नेहरूंपर्यंत गेले आणि १९६२ मध्ये गणितीय विज्ञानांची वेगळी संस्था निघाली. शहराचा फायदाच झाला. विद्यापीठाने मात्र आपल्या अंगणातले एक झाड दुसऱ्याच्या कुंपणात वाढताना पाहिले. १९५७ मध्ये रामानुजन गणित संस्थेला विद्यापीठाने पदरात घेतले होते. तसाच हात इथे वेळेत पुढे करता आला असता, असे वाटत राहते.

मुदतीचा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. वर २७ वर्षांचा तोटा सांगितला. दुसऱ्या टोकाला आपल्या मुंबईचे उदाहरण आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गोमंतकीय मराठा घराण्यातले विकृतिशास्त्रज्ञ, टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घालणारे. घट्ट बांधलेल्या धोतराच्या कासोट्याखाली, कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्यांनी शास्त्रीय नियतकालिकात केली होती. तेही डॉक्टर आणि तेही कुलगुरू, १९६० ते १९६३. अवघी तीन वर्षे. आज महाराष्ट्रात कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असते. रामचंद्रन यांची नेमणूक १९५२ ची आणि आलेख १९६३ चा. पाच वर्षांच्या हिशेबाने तो तिसऱ्या कुलगुरूच्या काळात पडला असता. १९५५ च्या आक्षेपानंतर पहिल्याची मुदत संपून दुसरा येईपर्यंत विभागाचे काय झाले असते, याचा विचार विद्यार्थ्यांनीच करावा म्हणून मी हे वर्ष फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो.

रामचंद्रन यांनी मद्रासला उभा केलेला विभाग बंद पडला नाही. ते गेल्यावर आर. श्रीनिवासन यांनी तो सांभाळला आणि स्फटिकशास्त्र व जैवभौतिकी हेच त्याचे नाव आजही आहे.